शेतावर कुत्रं नाही

“आणि कुत्रं? कुत्रं आहे का शेतावर?”

“न्हाय मॅडम. एकबी न्हाय,” विशाल म्हणाला. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला.

ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या चंद्राबाईने मान वर केली नाही. तिला सकाळपासून तीनदा बजावून झालं होतं, “आई, मॅडम काय इचारतील ते मला इचारतील. तू मधी बोलायचं न्हाय.” अडुसष्ट वर्षांची बाई, सातबारा तिच्या नावावर, ओटा तिचा, आणि तिनेच तिथे तोंड मिटून बसायचं! पण पोराच्या जिवाची घालमेल तिला दिसत होती. शेळगावच्या शिवारातल्या त्यांच्या चार एकर डाळिंबाला परदेशी जायचं होतं, त्यासाठी सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायला पुण्याहून निकिता मॅडम आल्या होत्या. म्हणून चंद्राबाई गप्प होती.

गेले दोन महिने त्या घरात देवाचं नाव कमी आणि दिग्विजय सरांचं जास्त घेतलं जात होतं. हे दिग्विजय सर म्हणजे बारामतीचे सल्लागार. कागद तयार करून देणारे. त्यांच्या सांगण्यावरून बांधावर हात धुवायचं बेसिन आलं, औषधांच्या खोलीला कुलूप आलं, प्रथमोपचाराची पेटी भिंतीला लागली. इथपर्यंत चंद्राबाईची ना नव्हती. हात धुवायला कोण नको म्हणेल? मग एक दिवस सरांचा फोन आला की प्राण्यांचा वावर चालत नाही. कोंबड्या शेजारी गेल्या. गाय बांधाच्या पलीकडे भावकीच्या गोठ्यात गेली. आणि काल सकाळी वकील गेला.

वकील म्हणजे कुत्रा. तांबडा, कानाची एक बाजू फाटलेली, वय वर्षं सात. कुणी आलं की आधी भरपूर भुंकायचा, मग थांबून समोरच्याचं म्हणणं ऐकल्यासारखं करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. म्हणून चंद्राबाईच्या नवऱ्याने, सोपानरावांनी, वारण्याआधीच्या वर्षी त्याचं नाव वकील ठेवलं होतं. काल विशालने त्याला पिकअपमध्ये चढवलं तेव्हा चंद्राबाईने विचारलं होतं, कुठं नेतोस. “सणसरला, सौरभकडं ठेवतो. दोन दिसांनी आणतो की माघारी.” सौरभ हा विशालचा मित्र, घरात जेवून-खाऊन गेलेला. चंद्राबाईने वकिलाला भाकरीचा तुकडा दिला आणि पिकअपचं फाळकं स्वतःच्या हाताने लावलं. ताडपत्रीच्या आतून तो बराच वेळ बोलत होता.

निकिता मॅडम तीस-बत्तीसच्या असतील. डोक्यावर टोपी, हातात फाइल. कोपऱ्यावरच्या झाडाखाली ओल्या मातीत त्या वाकल्या. “हे ठसे कुत्र्याचेच आहेत.”

“भटकं असंल मॅडम. येत्यात कुठनं तरी.”

“अहो, तुमचं असलं तरी असू द्या की.” मॅडम हसल्या. “कुत्रं चालतं. पॅकिंगच्या शेडमध्ये आणि औषधांच्या खोलीत येता कामा नये, आणि लस दिलेली दाखवायची. एवढंच आहे. डाळिंबाच्या चोऱ्या काय कमी होतात? उलट राखणीला कुत्रं नाही म्हणालात, तेव्हा मीच विचारणार होते, तुमचं भागतं कसं.”

चंद्राबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, घरात गेली, फळीवरच्या डब्यातून एक पिवळं कार्ड काढून बाहेर आली आणि तिने ते मॅडमच्या हातात दिलं. जनावरांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. त्यावर सात शिक्के होते. दरवर्षीचा एक.

“घ्या बाई. सात वर्सं, सात टोचण्या. एक चुकली न्हाय.”

“अरे वा! आजी, हे तर माझ्या फाइलींपेक्षा नीट आहे. मग कुत्रं कुठंय?”

“सणसरला हाय. आत्ता येतंय बगा.” चंद्राबाईचा चेहरा खुलला होता. “विशाल, लाव फोन सौरभला. म्हणावं घिऊन ये त्याला. चालतंय म्हणत्यात बाई.”

विशालने खिशातून फोन काढला. त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला.

“आई, नंतर बोलू. मॅडमला शेड दावायचीय.”

“फोन लावाया किती येळ लागतोय?”

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली सून, संजीवनी, नवऱ्याकडे बघत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, “आत्या, सौरभभावजी सणसरला न्हाईत. आठ दिस झालं पुण्याला गेल्यात.”

सोललेल्या हरभऱ्याच्या ताटात एक चिमणी येऊन बसली होती. तिला कुणी हाकललं नाही.

“कुठं हाय त्यो?” चंद्राबाईने विचारलं.

“कडबनवाडीच्या माळाला सोडला.” विशालने मॅडमकडे पाठ केली. “सर म्हणलं, जवळ सोडला तर माघारी येतंय, लांब सोडा. मी काय मुद्दाम केलं का आई? वर्साचं पीक हाय. मी कुणासाठी करतुय ह्ये सगळं?”

आता या माणसाला काय म्हणावं? राग यायचा तर कशाकशाचा यावा? खोटं बोलला त्याचा, की मुक्या जनावराला आईच्या हातून गाडीत कोंडलं त्याचा? की नसलेल्या नियमाला घाबरून हे सगळं केलं, त्याचा? आलेल्या बाईंना एक शब्द विचारता आला असता. फोन होता, नंबर होता, दोन महिने होते. पण सरांनी सांगितलं आणि यांनी ऐकलं. सर गाडीत बसून आले, गाडीतून उतरले, फाइल दिली आणि गेले. त्यांना वकिलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

“तुज्या सरांनी माज्या माहेरचा पानमळा बगितलाय का रं?” चंद्राबाईचा आवाज चढला नव्हता. तो खाली गेला होता, आणि विशालला लहानपणापासून भीती वाटायची ती याच आवाजाची. “निमगाव केतकीला. पानमळ्यात चपला घालून कुणी जात न्हाय, तसंच कुत्र्यालाबी सोडत न्हायत. आमचा टिप्या. माज्या बानं त्याला दोन दिस दारात अडवला, म्हणला, तू हितंच. झालं. आठ वर्सं त्यो माणसांच्या काढल्याल्या चपला राखत दारात बसला. आत पाय टाकला न्हाय. मालक आत असूंदे, पाऊस असूंदे. नेम कुत्र्याला कळतुया. तू वकिलाला एकदा तरी सांगिटलंस का, बाबा शेडमधी यिऊ नगंस म्हणून?”



निकिता मॅडम अवघडल्या होत्या. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकायचं त्यांच्या फाइलीत नव्हतं. “मी शेड बघून घेते तोवर,” त्या म्हणाल्या. “फक्त शेवटी जमीनमालकांची सही लागेल. सातबारा कुणाच्या नावावर आहे?”

“माज्या,” चंद्राबाई म्हणाली. “आन् सही वकील घरी आल्यावर.”

“आई!”

“गाडी काड.”

“आगं, ऑडिट चाललंय. मॅडमला चारला निगायचंय. आज सही झाली न्हाय तर फुडच्या तारखेला दीड म्हयना. तवर फळ ऱ्हातंय का झाडाला?”

“मग लवकर काड.”

आणि ती जाऊन पिकअपमध्ये बसलीसुद्धा.

वाटेत विशाल बोलायचा प्रयत्न करत होता. चंद्राबाई काचेतून बाहेर बघत होती. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या आणि तिला एकेक आठवत होतं. टिप्यानंतरची रंगी. लग्न होऊन चंद्राबाई शेळगावला आली तेव्हा इथे कुसळं होती. ठिबकच्या नळ्या आल्या त्या फार पुढे, आणि रंगीने पहिल्याच उन्हाळ्यात पिलं घालायला खड्डा उकरताना चार नळ्या तोडल्या. सोपानराव काठी घेऊन धावले होते. पण मग लक्षात आलं, की कुठे नळी फुटून जमीन भिजली की रंगी गारव्याला तिथेच जाऊन पसरते. त्यानंतर गळती शोधायला कुणी ओळी धुंडाळल्या नाहीत. रंगी कुठे झोपलीय ते बघायचं आणि जोडणी घेऊन जायचं. नऊ वर्षं तिने पाणी वाचवलं. त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं होतं तिला?

मग फौजदार. रानडुकरांच्या कळपात एकटा घुसायचा. शेवटी एका डुकराने त्याची बरगडी फोडली. बारामतीच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो सोपानरावांच्या मांडीवर होता आणि गाडी चालवत होता हाच विशाल. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रडून रडून त्याला रस्ता दिसत नव्हता. तोच हा पोरगा. चंद्राबाईला जास्त राग याचाच होता. ज्याला कधी माया नव्हती त्याने असं केलं असतं, तर तिने त्याला दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं.

माळ लागला तेव्हा एक वाजून गेला होता. वाळलेलं पिवळं गवत, मधूनच एखादी बाभळ, लांबवर मेंढ्यांचा वाडा. विशालने गाडी थांबवली. “हितंच सोडला व्हता,” तो म्हणाला. तिथे काही नव्हतं.

वाड्याजवळ म्हस्कू नावाचा धनगर घोंगडी अंथरून बसला होता. त्याने चंद्राबाईला रामराम घातला, विशालकडे आणि त्याच्या गाडीकडे निरखून बघितलं.

“तांबडं हाय न्हवं? कान फाटल्यालं?”

“व्हय बाबा.”

“त्या पल्याडल्या बाभळीखाली बसलंय. कालधरनं. माजी कुत्री त्येला हिकडं यिऊ देईनात आन् त्ये सडक सोडून लांब जाईना. भाकर टाकली, तोंड लावलं न्हाय. गाडी वाजली की तेवढं उटून बगतंय.” मग तो म्हणाला, “बरी गेली रात. हितं लांडगं असत्यात मावशे. मेंढराची कुत्री संगं संगं ऱ्हात्यात. ह्ये एकलं.”

म्हस्कूने हे विशालकडे बघून सांगितलं.

चंद्राबाई चालत गेली. अर्ध्या वाटेवर वकिलाने तिला ओळखलं. तो भुंकला नाही. पोट जमिनीला लावून सरकत आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून त्याने डोळे मिटले. कुणी आलं की घरभर वाद घालणारं ते जनावर, त्याच्या तोंडून आवाज निघेना. चंद्राबाई खाली बसली. त्याच्या पाठीवर काटे होते ते तिने एकेक करून काढले, पदराने त्याचं तोंड पुसलं. “मीच लावलं रं फाळकं,” ती म्हणाली. “मला काय म्हाईत.” आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला तिथे आलं.

विशालने मागून गाडी आणली आणि उतरून फाळकं पाडलं. लोखंडाचा आवाज झाला.

वकील ताडकन उठला. मागे सरला, चंद्राबाईच्या आड गेला आणि उभ्या उभ्या मुतला.

“ये वकील. ये, ये. घरला जायाचंय,” विशाल म्हणाला आणि दोन पावलं पुढे आला. वकील चार पावलं मागे गेला. विशालने खिशातला बिस्किटाचा पुडा फोडला. विशालने खाली बसून हात पुढे केला. सात वर्षं ज्या हाताने त्याला खाज आली की खाजवलं, तो हात. वकील बघत होता तो हाताकडे नाही, मागच्या उघड्या फाळक्याकडे.

“उचलून घालू का?”

“हात लावून बग,” चंद्राबाई म्हणाली.

मग तिने पायातल्या चपलेचा अंगठा नीट बसवला, पदर खोचला, आणि सडकेला लागली. वकील तिच्या मागे निघाला.

“आई, कुठं निगालीस? आगं, आठ-नऊ किलोमीटर हाय! गुडघं हायेत का तुजं? आई, मॅडम थांबल्यात!”

गाडी पहिल्या गिअरमध्ये मागून येत राहिली. खिडकीतून डोकं काढून विशाल कधी विनवत होता, कधी ओरडत होता. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटत होतं की म्हातारी भांडून माहेरी निघालीय. एकाने गाडी हळू करून विचारलंही, “मावशे, काय झालं?” तिने सांगितलं, “काय न्हाय. ह्येला गाडीचं भ्या बसलंय, म्हणून चालत नेती.” तिला पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नव्हती. पण गाडीत बसायचंही नव्हतं. ज्या गाडीत तो बसू शकत नाही, त्या गाडीत ती कशी बसणार होती? वाटेतल्या एका टपरीवर तिने पाणी मागून घेतलं, अर्धं ओंजळीत त्याला पाजलं, अर्धं स्वतः प्याली. गुडघे दुखत होते. फार दुखत होते. दर दुखीसरशी तिचा राग ताजा होत होता, आणि तिला ते बरंच वाटत होतं.

साडेतीनच्या सुमारास समोरून पांढरी गाडी आली आणि थांबली. निकिता मॅडम उतरल्या. शेजारच्या सीटवर संजीवनी होती, वाट दाखवायला आलेली.

“आजी, शेड झाली, औषधांची खोली झाली. सगळं ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी आजींच्या मागे उभ्या असलेल्या तांबड्या कुत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या पिकअपकडे, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. “सही तेवढी राहिली. इथे दिली तरी चालेल.”

फाइल गाडीच्या बॉनेटवर उघडली गेली. विशाल पिकअपमधून उतरून धावत आला.

“त्यात ह्याचं काय लिवलंय?” चंद्राबाईने विचारलं.

मॅडमनी पान उलटलं. “विशालरावांनी सांगितलं होतं, प्राणी नाहीत. तसं लिहिलंय.”

“खोडा.”

मॅडमनी खोडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, “कुत्रा, एक. राखणीसाठी. लसीकरण पूर्ण.”

“आन् नाव?”

“नावाला रकाना नाहीये आजी.”

“माणसांची नावं लिवली न्हवं का? कोण किती वर्सं कामाला हाय त्ये? मग ह्यो सात वर्सं हाय. पगारबी घेतला न्हाय त्यानं.”

निकिता मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग रकान्याच्या बाहेर, समासात, नीट अक्षरात लिहिलं, ‘वकील, सात वर्षे’. त्यापुढे स्वतःची छोटी सही केली आणि पेन पुढे केलं. चंद्राबाईने बॉनेटवर वाकून, एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. सोपानरावांनी शिकवलेली ती एवढीच अक्षरं तिला लिहिता येत होती.

मॅडम निघून गेल्या. संजीवनी पिकअपपाशी उभी राहिली. विशालने तोंडावरून हात फिरवला. सर्टिफिकेट मिळणार होतं. डाळिंब जाणार होतं. त्याला आता आईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

“चुकलं माजं,” तो म्हणाला. “झाली न्हवं आता सही? चल आई, बस गाडीत. मी त्याला चालत घिऊन येतो.”

“तुज्यासंगं यील का बग.”

त्याने हाक मारली. वकील चंद्राबाईच्या नऊवारीला चिकटून उभा राहिला.

मग विशालने पिकअप कडेला लावली, किल्ली संजीवनीकडे दिली आणि तो आईबरोबर चालू लागला. काही अंतर गेल्यावर तो हळूच तिच्या डाव्या बाजूला आला, वकिलाच्या जवळ. वकील मागून फिरून तिच्या उजव्या बाजूला गेला. विशाल थोडा वेळ थांबला आणि उजवीकडे आला. वकील डावीकडे गेला. गुरगुरला नाही, पळाला नाही, फक्त बाजू बदलली. विशालने पुन्हा एकदा करून बघितलं. नंतर नाही केलं.

चंद्राबाई सगळं बघत होती. शेळगावची घरं दिसायला लागली, तरी त्या दोघांच्या मध्ये तीच चालत होती.